अकरा वर्षे घरीच होती

सत्यशीला डोंगरेला विदर्भातल्या वडशात रागीट समजतात. रेशनवाल्यापासून ऑटोवाल्यापर्यंत सगळे तिच्याशी जपून बोलतात. पण ती जन्माची रागीट नाही. तिचा राग कमावलेला आहे. तो कसा कमावला ते सांगितलं नाही, तर तिच्याबद्दल काही सांगितलंच नाही असं होईल.

वडशाला स्टेशनच्या मागच्या अंगाला राइस मिल्स आहेत. तिचा बाप खुशाल तिथे हमाल होता. पाठीचा मणका जागचा सरकेपर्यंत त्याने धानाची पोती वाहिली. आई मीराबाई मिलच्या अंगणात उकडा धान पसरायची, पायाने उलथायची. पोरगी एकच. अभ्यासात बरी. बारावी सायन्स झाली आणि मेडिकलच्या परीक्षेला बसली. क्लास लावलेला नव्हता, आणि फिजिक्सचा मास्तर वर्षातले निम्मे दिवस निवडणुकीच्या नाहीतर जनगणनेच्या कामावर. गुण कमी पडले. तेव्हा ती रडली नाही, चिडलीही नाही. नर्सिंगच्या डिप्लोम्याला नंबर लागला, तिकडे गेली. तीन वर्षं वॉर्डातल्या पलंगाखालून भांडी काढत शिकली.

नोकरी लागली ती कोसमटोल्याच्या आरोग्य केंद्रात. वडशाहून निघालं की दोनदा बस बदलायची आणि शेवटचा टप्पा मिळेल त्या गाडीने. नोकरी कंत्राटी. करार अकरा महिन्यांचा. तो संपला की एक दिवस कागदावर घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नवा करार. त्या कागदावर घरी बसलेल्या दिवशीही ती बाळंतपणं करायची. पोट कुणाचा करार पाहून दुखत नाही.

तिथे तिने काय केलं? जे पडलं ते केलं. मलेरिया तपासायला रक्ताच्या काचा काढल्या, लसीचा डबा खांद्याला अडकवून नाले ओलांडले, सिकलसेलची पोरं ओळखून तालुक्याला पाठवली. बाया मराठी बोलत नव्हत्या, म्हणून ती गोंडी शिकली. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर लालसू तिचा पहिला मास्तर. तो गावचाच. पहिल्या महिन्यात तिने एका म्हातारीला गोंडीत काहीतरी विचारलं आणि म्हातारी पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"काऊन हसली ते?" तिने लालसूला विचारलं.

"तुमी तिले इचारलं, तुझं पोट कुठी ठेवलं म्हणून."

"तू काय सांगितलं होतं मले?"

"मी बरोबरच सांगितलं होतं, सिस्टर. तुमी घोटाळा केला."

वर्षभरात ती घोटाळा न करता बोलू लागली. दोन वर्षांत बाया तिला नावाने हाक मारू लागल्या. कुणी मोहाची फुलं आणून द्यायची, कुणी चारोळी. हे ती कौतुकाने सांगत नाही. ते रोजचंच होतं.

तिथे डॉक्टर कुलदीप होता. वय तिच्याएवढंच. हा माणूस कामचुकार नव्हता, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. क्वार्टरमध्ये राहायचा, ओपीडी करायचा, मलेरियाच्या दिवसात त्याने स्वतः तापात पेशंट पाहिले. पण शनिवार-रविवार नागपूरला जायचा, आणि पोस्ट ग्रॅज्युएशनचा अभ्यास करायचा म्हणून संध्याकाळनंतर त्याचं दार सहसा बंद असायचं. दाराबाहेरचं सगळं सत्यशीलाकडे. तिला तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही. शिकणाऱ्याला शिकू द्यावं.

तीन वर्षं झाली आणि कुलदीपचा नंबर लागला. बालरोगतज्ज्ञ होणार. निरोपाला भजी तळली. लालसूने विचारलं, "डॉक्टरसाहेब, इथी राहून कसा काय नंबर लावला तुमी? इथी तं लाईट बी नाई राहत."

"इथी राहिलो म्हणूनच लागला रे," कुलदीप म्हणाला. "दुर्गम भागात काम केलं की दर वर्षाचे जादा गुण भेटतात. ते नसते तर माझं काही खरं नव्हतं."

"मंग सिस्टरचे किती होतील?"

कुलदीप हसला. "सत्यशीलाचे? तिचे तर बोनसच बोनस. ती बसली तर आपल्या सगळ्यांच्या पुढे जाईल."

सगळे हसले. सत्यशीला हसली नाही. तिने ते ऐकून ठेवलं.

बाहेरच्या माणसाला ही चूक खुळेपणाची वाटेल. पण कोसमटोल्यात सगळंच दुर्गमच्या मापाने मोजतात. कायम नोकरीतल्या माणसांना दुर्गमचा भत्ता. बदली मागायची तर दुर्गममध्ये किती वर्षं काढली ते आधी विचारतात. डॉक्टरला दुर्गमचे गुण. मग नर्सने मेडिकलला अर्ज केला, तर तिची वर्षं कोण कशाला सोडेल? केंद्रातल्या एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही. लालसू तर सगळ्यांना सांगत सुटला, सिस्टर आता डॉक्टर होऊन इथीच येणार म्हणून. वयाची अट उठलेली होती, ते तिने चौकशी करून घेतलं होतं. गुणांची चौकशी केली नाही. जी गोष्ट डोळ्यासमोर घडली तिची चौकशी कोण करतं?

ती अभ्यासाला लागली. बारावीची पुस्तकं मागवली. जोडीला सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा कोर्स केला, शिक्षण वाढलं की वजन वाढेल म्हणून. सराव पेपरात किती गुण पडतात ते पाहिलं आणि त्यावर दुर्गमचे चढवले. बेरीज पुरेशी झाली. झालं तर मग. एप्रिलमध्ये रजा टाकायची होती, ती टाकली नाही. मेमध्ये सगळं गाव तेंदूपत्ता तोडायला जंगलात, आणि परीक्षा त्याच दिवसांत. पानं तोडताना साप चावतो, ऊन लागतं, गरोदर बाया चक्कर येऊन पडतात. केंद्र सोडून कसं जायचं? परीक्षेच्या आदल्या सकाळी तिने एकीला सलाईन लावलं आणि मग बस धरली.

पेपरात बायॉलॉजी बरी गेली. फिजिक्सने पाडलं. सहा वर्षं ज्या हाताने नाळ कापली त्या हाताला भिंगाचं सूत्र आठवेना. आणि ते साहजिक आहे. ज्याचा सराव केला नाही ते येत नाही, मग तुम्ही दुसरं कितीही केलेलं असो. गुण तिने धरले होते तेवढेच पडले. ती खुशीत होती.

प्रवेशाचा अर्ज वडशाच्या कॉम्प्युटर सेंटरवर भरला. अनुभवाचा रकाना कुठे सापडेना. सेंटरवाल्याने वर-खाली पाहिलं आणि म्हणाला, "ताई, असं काई नाईच हाय याच्यात." तिला वाटलं, यालाच कळत नसेल. अनुभवाचा दाखला, कोर्सचं प्रमाणपत्र, सगळं पिशवीत घातलं आणि जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या चौकशी खिडकीवर जाऊन उभी राहिली. मागे पोरापोरींची आणि त्यांच्या आईबापांची रांग.

"सर, दुर्गम भागातल्या नोकरीचे गुण कुठे जोडायचे?"

खिडकीतल्या माणसाने दाखला हातातही घेतला नाही. "कशाला जोडायचे? एमबीबीएसला?"

"हो. सहा वर्षं झाली. नर्स आहे मी."

"बाई, इथे फक्त परीक्षेचे गुण. नोकरीबिकरी काही नाही."

"आणि हा कोर्स? डिप्लोमा?"

"तोही नाही. उद्या म्हणाल स्वयंपाक येतो, त्याचे द्या." मागची रांग हसली. त्यात एक बाप मोठ्याने हसला. "व्हा बाजूला. पुढे कोण?"

ती बाजूला झाली. त्या दिवशी राग पहिल्यांदा आला, आणि तो नेमका कुणावर ते तिला ठरवता येईना. बाहेर चहाच्या टपरीपाशी उभं राहून तिने कुलदीपला फोन लावला.

"अगं, ते पीजीला," तो म्हणाला. "डॉक्टरांना. एमबीबीएसला कुठून असणार?"

"तुम्ही म्हणला होता बोनसच बोनस."

"मी गंमत केली होती, सत्यशीला."

"मी वर्ष घातलं त्या गमतीवर."

"तू एकदा विचारायचं तरी मला."

हे खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. विचारायला हवं होतं. तो पुढे म्हणाला, माझी जुनी पुस्तकं पाठवतो. त्याने पाठवलीही. ती तिने वापरली, पण आभाराचा फोन केला नाही.

चूक तिची होती, हे मान्य. पण चूक बाजूला ठेवून पाहा. तिथे डॉक्टरने तीन वर्षं काढली ती डॉक्टरीला मोजली. नर्सने सहा काढली ती कशालाच मोजली नाहीत. एकच जंगल, एकच नाला, तेच डास. गुण रक्तातल्या मलेरियाचे देत असतील तर तिला दोनदा झाला होता. एका खोलीत दोघं काम करतात, एकाचं काम शिडी होतं आणि दुसऱ्याचं जमिनीत जातं. ज्याने हा नियम केला त्याला कोणी दोष देणार नाही, कारण त्याने काहीच केलेलं नाही. नर्स कधी डॉक्टर होऊ मागेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

तिने नोकरी सोडायचं ठरवलं. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात गुणवंतराव नावाचे जुने बाबू होते. कपाळावर चष्मा, समोर सुपारीची डबी.

"कायले सोडता?" ते म्हणाले. "बिनपगारी रजा मागा."

"भेटते का?"

"कंत्राटीले नाई भेटत." आणि स्वतःच हसले. "राजीनामा द्या मंग. एक महिना काम करा. कार्यमुक्तीचं पत्र मागून पाठवतो."

महिना भरला. तिने किल्ल्या दिल्या, लसीच्या फ्रिजचा ताबा केंद्रात नवीनच आलेल्या ज्युनिअर नर्सला, माधवीला दिला, आणि घरी आली. पत्र मागून आलं नाही. तिनेही पाठपुरावा केला नाही. डोळ्यासमोर फक्त फिजिक्स होतं.

घरात खुशाल पाठीला पट्टा बांधून बाजेवर पडलेला असायचा. पहिला आठवडा त्याने नुसतं पाहिलं. पोरगी एक धडा उघडते, अडली की दुसरा उघडते, मध्ये उठून पाणी पिते, मोबाइल पाहते.

"असं नाई होत," तो एक दिवस म्हणाला.

"तुम्हाले काय कळते याच्यातलं, बाबा?"

"याच्यातलं नाई कळत. कामातलं कळते. आमी थप्पी लावत होतो ना. एक थप्पी हातात घेतली की ते लागेपर्यंत कोणी पाणी पित नव्हता. मधात बसला की अंग थंड होते, मंग पोतं दुप्पट जड लागते. तू अर्ध्या थप्पीवर बसून राह्यली."

तिला चीड आली, पण तिने करून पाहिलं. एक धडा म्हणजे एक थप्पी. तो पुरा सुटेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. पहिले दिवस डोकं फुटायला झालं. मग अंग त्याला लागलं.

दिवाळीनंतर वडशात नाटकाचा हंगाम. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या दिवसभर भोंगा लावून फिरतात, आज अमुक गावी, उद्या तमुक. ती कापसाचे बोळे कानात घालून बसायची. शेजारच्या बाया दारातून जाताना मुद्दाम थांबायच्या.

"मीराबाई, पोरगी बारावीत हाय का अजून?"

"हो," मीराबाई म्हणायची. "नापास होऊन राह्यली दरसाल. तुमची पास झाली ना? मंग झालं."

नोकरीची शिल्लक संपत आली. मीराबाई पुन्हा मिलच्या अंगणात जाऊ लागली.  मेमध्ये परीक्षा झाली. या खेपेला बेरजेत चढवायला काही नव्हतं, आणि चढवायची गरजही पडली नाही. निकाल लागला, प्रवेशाच्या फेऱ्या झाल्या, आणि विदर्भातल्याच एका सरकारी मेडिकल कॉलेजात तिला जागा लागली. खुशालने बाजेवरून उठून पट्टा सोडला, पुन्हा बांधला. त्याला काय करावं ते सुचेना.

गोष्ट इथे संपायला हवी होती. कष्ट केले, फळ मिळालं, लोक टाळ्या वाजवून घरी गेले. तसं झालं असतं तर ती आज रागीट नसती.

प्रवेशाच्या कागदपत्रांत एक कागद लागतो. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. बारावीनंतर तिला अकरा वर्षं झाली होती. तहसीलसमोर स्टॅम्पपेपरवाला बसतो, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये मजकूर तयारच असतो. त्याने नाव घातलं, वर्षं घातली आणि कागद काढून दिला. सत्यशीलाने वाचला. 'सदर कालावधीत मी घरीच होते. या काळात मी कोणतेही शिक्षण घेतले नाही अथवा कोठेही नोकरी केली नाही. हे मी शपथेवर सत्य लिहून देत आहे.'

"हे चूक आहे," ती म्हणाली.

"नाव चुकलं का?"

"सगळंच चुकलं. मी शिकले. मी नोकरी केली."

"सगळे हेच देतात, मॅडम. कोणी वाचत नाई."

"मी वाचलं ना."

तिने कॉलेजला फोन लावला. तिकडून नीट सांगितलं. डिप्लोमा दाखवता येईल, त्या संस्थेचा दाखला जोडा. तो तिच्याकडे होता, पण डिप्लोमा दाखवला की त्यापुढची नोकरीही दाखवावी लागणार. नोकरी दाखवली तर कार्यमुक्तीचं पत्र मूळ प्रत लागेल. पत्र नसेल तर प्रवेश होणार नाही. खंड दाखवला तर नुसतं प्रतिज्ञापत्र चालेल. शेवटची तारीख परवा, पाचपर्यंत.

म्हणजे खरं बोलायचं तर एक कागद कमी, आणि खोटं बोलायचं तर कागद पुरे.

घरी येऊन तिने हे सांगितलं. मीराबाई म्हणाली, "रोज पंचशील म्हणतो आपण. खोटं बोलणार नाई म्हणतो. तरी मी सांगतो तुले, सही कर. पाप लागलं तं मले लागू दे."

"पापाचं नाई म्हणत मी, आई. माझ्या अंगावर काढलेले दिवस आहेत ते."

ती बापाकडे वळली. तिला वाटलं, हा तरी म्हणेल. आयुष्यभर ज्याने केलेल्या कामाचं माप सोडलं नाही, तो म्हणेल नको करू सही.

खुशाल म्हणाला, "सही करून टाक."

"तुम्ही म्हणता हे?"

"राग नंतर बी राहते. सीट नाई राहत."

तिने सगळे कागद पिशवीत भरले, तो तयार छापलेलाही. दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरून तालुक्याला गेली. पत्राचा मजकूर स्वतः टाइप करून नेला, नुसती तालुका आरोग्य अधिकाऱ्याची सही आणि शिक्का हवा होता. गुणवंतरावांनी डबीतून सुपारी घेतली.

"साहेब दौऱ्यावर गेले."

"तुम्ही पाठवतो म्हणला होता. वर्ष झालं."

"तुमची जागा भरली नाई ना अजून. जागा भरल्याशिवाय सोडलं असं कसं दाखवायचं? वरून इचारणा होते."

"म्हणजे कागदावर मी अजून तिथेच आहे?"

"तसं बी नाई. पगार कुठी निघते तुमचा?" त्यांना स्वतःलाच ते पटलं. "मधातच हाय म्हणा."

साहेब कुठे आहेत ते त्यांनी सांगितलं नाही. लालसूने फोनवर सांगितलं. "इथीच तं हायत. कोसमटोल्याले. तपासणी चालू हाय. या लवकर."

ती पोहोचली तेव्हा दुपार कलली होती. केंद्रात डॉक्टरची जागा कुलदीप गेल्यापासून रिकामीच होती, आणि तिचीही. साहेब डॉक्टरच्या टेबलावर रजिस्टर पाहत बसले होते. तिने पत्र पुढे ठेवलं, उद्या शेवटचा दिवस असल्याचं सांगितलं. साहेब चांगल्या शब्दांत बोलले. "अरे वा. मेडिकलला? अभिमानाची गोष्ट आहे. बघतो हं."

तेवढ्यात आतून ओरडणं ऐकू आलं आणि माधवी दारात आली. हातमोजे घातलेले, चेहरा पांढरा. "सर, डोकं दिसून राह्यलं पण बाळ पुढे सरकून नाई राह्यलं. बाई जोर सोडून देते."

साहेब डॉक्टरच होते, पण त्यांची कैक वर्षं फायलींत गेलेली. त्यांनी सत्यशीलाकडे पाहिलं. "तू आलीच आहेस तर बघ ना जरा. तुझा हात बसलेला आहे."

"आधी सही करा, सर."

"करतो गं. आधी बाई बघ."

"मी इथे नोकरी केलीच नाई, असं लिहून द्यायला सांगतात मला उद्या. शपथेवर. मग कोणत्या हाताने बघू?"

 आत बाई पुन्हा ओरडली, या वेळी गोंडीत, आईला हाक मारून. सत्यशीलाने पिशवी खुर्चीवर टाकली आणि हात धुवायला गेली.

नाळेचा वेढा मानेभोवती होता. तिने तो बोटाने सोडवला, बाईशी तिच्या भाषेत बोलत राहिली, जोर कधी लावायचा ते सांगत राहिली. बाळ निळं आलं. पाठ घासली, तोंड साफ केलं, तोंडावर मास्क धरून रबरी पिशवीने श्वास दिला. ते रडायला वेळ लागला. रडलं. मुलगी होती. मग वार लवकर पडेना, रक्त जास्त जाऊ लागलं, इंजेक्शन, पोट चोळणं, पुन्हा इंजेक्शन. ती बाईपाशी उभी राहिली ती रक्त थांबेपर्यंत.

बाहेर आली तर टेबल रिकामं. तिचं पत्र तिथेच होतं, उडू नये म्हणून त्यावर चहाचा रिकामा ग्लास ठेवलेला. सही नव्हती.

"जिल्ह्याहून फोन आला त्याहिले," लालसू म्हणाला. "जीप घेऊन गेले. मी म्हणलं, सिस्टरचा कागद राह्यला. तं म्हणले, सोमवारी ऑफिसात या म्हणा."

उद्या शनिवार होता. साहेबांना फोन लावला, तो बंद.

लालसूने किल्ली काढली. "बसा ॲम्ब्युलन्समदे. रस्त्यात गाठतो त्याले. आडवी लावतो गाडी."

ती पायरी उतरलीसुद्धा. मग तिने मागे पाहिलं. आतल्या बाईचं रक्त पुन्हा सुरू झालं तर तिला तालुक्याला न्यायला दुसरी गाडी नव्हती.

"गाडी इथीच राहू दे," ती म्हणाली.

"सिस्टर, तुमचं कॉलेज जाईल."

"राहू दे म्हटलं ना."

तिने लालसूवर आवाज चढवला, तो त्याने ऐकून घेतला. चुकीच्या माणसावर चढवला हे दोघांनाही ठाऊक होतं. गावच्या शाळेचे एक मास्तर मोटरसायकलवरून जात होते, त्यांच्या मागे बसून ती बसच्या रस्त्याला लागली. सगळ्या वाटेत एक शब्द बोलली नाही. मास्तरांना वाटलं, हिच्या घरी कोणी गेलं असावं.

शनिवारी ती कॉलेजच्या गावी उतरली. गेटासमोर नोटरीची टेबलं होती. तिने पिशवीतून तो तयार कागद काढला. नोटरीने शिक्का फुंकून घेतला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "मजकूर वाचला? खरा आहे?"

"वाचला," ती म्हणाली.

"खरा आहे ना?"

"शिक्का मारा."

त्याने वर पाहिलं, मग मारला. तिने सही केली.

आत कागद तपासणारी बाई साधी होती, तिच्याच वयाची. एकेक पान उलटत प्रतिज्ञापत्रापाशी आली. "अकरा वर्षं? एवढी वर्षं घरी काय करत होता तुम्ही?"

सत्यशीलाच्या नखाच्या कडेला कालचं आयोडीन अजून पिवळं होतं. दोन वेळा धुऊनही गेलेलं नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "घरीच होते."

"लग्न झालं होतं का?"

"नाही."

"मग तर अवघडच," ती बाई मायेने म्हणाली. "एवढा काळ घरी बसून पुन्हा अभ्यास करायचा म्हणजे. पण केलंत तुम्ही. सवय नसते ना कामाची." आणि पावती फाडून दिली.

सत्यशीलाने पावती घेतली. तोंडात आलेलं तिने गिळलं. तिथे बोलली असती तर कागद खोटा पडला असता आणि जागाही गेली असती. हे तिला पहिल्यांदा करावं लागलं. त्यानंतर ती गिळत नाही. रेशनवाला असो की ऑटोवाला, जिथे जागा जाणार नाही तिथे ती बोलते.

बाहेर आल्यावर फोन वाजला. खुशाल होता.

"झालं?"

"झालं."

"सही केली?"

"केली."

 मागे मीराबाई काहीतरी विचारत होती. मग त्याने विचारलं, "खुश हाय ना?"

"नाई," ती म्हणाली, फोन ठेवला आणि मुलींचं होस्टेल कुठे आहे ते वॉचमनला विचारायला गेली.